आईचे खाते

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या हातून एका आईचा आवाज पुसला गेला आणि तो परत आणणे मला जमत नाही. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे आता तेवढेच उरले आहे.

शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर मला मांडले, तेव्हा घरात केवढे कौतुक! ताई रोज माझी काच पुसायची. बाबा म्हणजे चपलांनाही जागा ठरवून देणारा माणूस. त्यांनी माझ्यात चौघांची चार खाती उघडली, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. शिवाय 'घरचे' नावाचा गट केला. गटात असेल त्यालाच सामायिक फोल्डर उघडता येई. "सगळ्यांचं ते इथे ठेवा, ज्याचं त्याचं आपापल्या खात्यात," असे बाबा बजावत. मला चालू केले की चार चित्रे दिसत. आईचे चित्र कात्रीचे होते.

एकदा आईने सामायिक फोल्डरमधला दादाचा कॉलेजचा प्रकल्प चुकून पुसला. दादाने तडकाफडकी तिला गटातून काढून टाकले.

"आई, तू आपली तुझ्या खात्यातच काय ते कर."

"बरं बाबा, माझं मला पुरे," आई हसून म्हणाली.

पुढे सगळे ते विसरून गेले. मी विसरलो नाही. विसरणे मला येतच नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

मग आईच्या घशाचे ऑपरेशन ठरले. आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ताईचे शिवण शिकणे नोकरीपायी राहून गेले होते. म्हणून आई वीस दुपारी माझ्यासमोर बसून बोलली. "काखेचा घेर कापताना घाई करू नकोस गं. चुकलं तर उसवायचं, रडत बसायचं नाही." मध्येच खोकायची, पाणी प्यायची, पुन्हा बोलायची. ते सगळे तिच्याच खात्यात राहिले. पासवर्डची चिठ्ठी तिने ताईला दिली.

वर्षभरात आई गेली. ताईला ऐकायचा धीर होईना. सुट्टीला आली की ती कात्रीच्या चित्राकडे बघत बसायची आणि मला बंद करायची.

बाबा थकले, माझा कारभार दादाकडे आला. मीही मंद झालो होतो. "हे धूड एकदा साफच करतो," म्हणत दादा बसला. आईचे खाते काढताना मी विचारले, फायली ठेवायच्या की पुसायच्या? "आईचं बोलणं सामायिक फोल्डरमध्ये आहेच की," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने पुसा म्हटले. मी हुकमाचा ताबेदार. मोकळ्या झालेल्या जागेत त्याने सिनेमे भरले.

पुढच्या सुट्टीत ताई कापड घेऊन आली. "आज ऐकतेच," म्हणाली. पडद्यावर तीनच चित्रे होती.

"दादा, आईची कात्री कुठे गेली?"

"अगं, खातं काढलं. आवाज आहे ना आपल्या फोल्डरमध्ये."

त्याने फोल्डर उघडला, वरखाली केला, पुन्हा उघडला. मग त्याचा चेहरा उतरला.

"तिला गटातून मीच काढलं होतं गं," तो कसाबसा म्हणाला.

 ताईने कापडाची घडी केली.

मित्रांनो, पुसण्याआधी मी एकदा विचारतो. एकदाच विचारतो. तेवढे वाचत जा, आणि ज्याचे खाते आहे त्याच्या माणसांना विचारत जा. मला विचारू नका, मला बोलता येत नाही.

ताई अजून येते. चिठ्ठी उलगडते, आईचे नाव टाइप करते, पासवर्ड एकेक अक्षर बघून भरते. मी दर वेळी तेच उत्तर देतो: या नावाचे येथे कोणीही नाही.