माझं माप कुणीच घेतलं नाही

मित्रांनो, मी बोईसरजवळच्या कुंभवलीतल्या एका घराच्या आतल्या खोलीचा दरवाजा आहे. वय सोळा वर्षं. लाकूड सागवानी. रंग एके काळी तपकिरी होता, आता कुणी विचारू नये. रुंदी अडीच फूट, उंची साडेसहा फूट. माप मुद्दाम सांगतोय. ज्या घरात सहा वर्षं रोज टेप, फूटपट्टी आणि गुण्या यांचा धुमाकूळ चालला होता, त्या घरात माझं माप कुणी म्हणून कुणी घेतलं नाही. त्यातून जे घडलं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

माझा जन्म मनोर रस्त्यावरच्या एका सुताराच्या शेडमध्ये झाला. जिवल्याने मला घडवलं. हा डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस. भातकापणी उरकली की रंधा खांद्यावर टाकून कामाला खाली यायचा. त्याने मला तासलं, घासलं, इथे आणून तीन बिजागऱ्यांवर उभं केलं आणि दोन बोटांनी ढकलून पाहिलं. "आता यो जागचा हालनार नाय," तो म्हणाला. दरवाजाचं काम हलणंच असतं, पण मी ते मनावर घेतलं नाही. एवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

घर ज्ञानेश आणि प्रियदर्शिनीचं. ज्ञानेश वीज केंद्रात पाळ्यांमध्ये काम करतो. प्रियदर्शिनी औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कारखान्यांचे नकाशे काढते. बॉयलर कुठे बसवायचा, पाइप कुठून न्यायचे, आणि मोटार बिघडलीच तर ती बाहेर काढायला वाट कुठून ठेवायची, हे सगळं तिच्या कागदावर असतं. हो, बाहेर काढायची वाटसुद्धा. तिच्या हाताखालची पोरं ती वाट विसरली की ती त्यांना फाडून खाते, असं ज्ञानेशच सांगतो.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे राहीबाई, ज्ञानेशच्या आई. आठ वर्षांपूर्वी सेलूचं घर बंद करून, सामानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून त्या थेट इथे आल्या. गुडघे दुखतात म्हणून लांब चालत नाहीत. आतली खोली त्यांना द्यायची ठरली होती. दोन वर्षं त्या माझ्याआड झोपल्यासुद्धा. मग एका रविवारी प्लायवूडचे चार मोठे तुकडे माझ्यातून आत गेले आणि राहीबाईंची गादी बाहेरच्या खोलीत गेली.

मी चक्रावलोच. मला वाटलं, कपाट होणार. प्रियदर्शिनीने आधी खोलीभर जमिनीवर खडूने रेघा मारल्या. एका टोकाला लिहिलं 'पालघर', दुसऱ्या टोकाला 'बोईसर', मधे 'उमरोळी'. मग रूळ आले, इंजिन आलं, वीतभर लांबीचे डबे आले. अडतीस वर्षांची, नोकरी करणारी, हाताखाली पाच माणसं असलेली बाई आपल्या घरात आगगाडी बांधत होती. माझ्या कडीचा आवाज बसला, मित्रांनो.

पण काम असं की बघत राहावं. रंगवलेल्या भुशाची भातशेती. भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झाडं. सूतगिरणीतून आणलेल्या, सूत गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या कोनांची धुरांडी. रुळाच्या एका बाजूला तिने काच ठेवून खालून निळा रंग दिला आणि सांगितलं, हा नवापूरचा समुद्र.

"नवापूरचा समुद्र रुळाला कधी लागला?" ज्ञानेशने विचारलं.

"माझ्याकडे लागतो," ती म्हणाली.

एकच गोष्ट जमत नव्हती. चार तुकडे बोल्टांनी जोडलेले, आणि उमरोळीच्या सांध्यावर गाडी दर दुसऱ्या फेरीला घसरायची. सहा महिने तिने तो सांधा घासला, ठोकला, त्याखाली कागदाच्या घड्या सारल्या. शेवटी एका सुट्टीत तिने चारही तुकडे गोंद लावून, स्क्रू मारून कायमचे एक केले आणि वरून प्लास्टर ओतलं. गाडी सुरळीत धावली. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवून समाधानाचा सुस्कारा सोडला.

मी मात्र हिशोब केला. दहा फूट लांब, सात फूट रुंद आणि अखंड. मधे तिला उभं राहण्यापुरती पोकळी. मी अडीच बाय साडेसहा. आडवं करा नाहीतर उभं, हे माझ्यातून जाणं शक्य नव्हतं. पण दरवाजाला बोलता येतं का? मी तीन दिवस जीव तोडून करकरलो. "करकरतोय मेला," एवढंच ती म्हणाली. तेलाचा एक थेंबसुद्धा घातला नाही.

गल्लीत कुजबुज व्हायची ती व्हायचीच. एवढी शिकलेली बाई आणि खेळणं खेळते, असं पाण्याच्या नळावर दोघीतिघी बोलल्या आणि ते तिच्या कानावर आलं. त्या दिवसापासून ती मला आतून कडी लावून काम करू लागली आणि कामावर जाताना घट्ट ओढून घेऊ लागली. लपवणं हे माझं काम झालं. ते मी चोख केलं.

घरातून विरोध एकाच माणसाचा. "माझ्या खोलीत आगगाडी राहते आणि मी दारात," हे राहीबाई सकाळी चहाबरोबर एकदा आणि संध्याकाळी दिवाबत्तीनंतर एकदा म्हणायच्या. प्रियदर्शिनी ऐकून घ्यायची. वाईट तिलाही वाटत होतं. पण आगगाडी हलवायची कुठे?

आता मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का ऐका. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. राहीबाई हळूहळू माझ्यापाशी आल्या. हातात खोबरेल तेलाची वाटी. त्यांनी बोट बुडवून माझ्या तिन्ही बिजागऱ्यांना तेल लावलं, वरच्या बिजागरीसाठी तर स्टुलावर चढल्या. गुडघे दुखणारी बाई स्टुलावर. मग मला ढकललं, आत गेल्या आणि बटण दाबलं. बटणं कशी दाबायची, हे त्या दोन वर्षं भांडताभांडता बघत आल्या होत्या.

फलाटांवर प्रियदर्शिनीने नखाएवढी माणसं उभी केली होती. त्यातली हिरव्या लुगड्याची एक बाई राहीबाईंनी उचलली, बोईसरच्या फलाटावरून एका उघड्या मालडब्यात बसवली आणि गाडी सोडली. "उमरोळी," त्या हळूच म्हणाल्या. "पालघर." पालघरला तिला उतरवलं, फिरवलं, पुन्हा चढवलं. वीस मिनिटं. मग मला ओढून घेऊन बाहेर गादीवर जाऊन पडल्या, आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "माझ्या खोलीत आगगाडी राहते आणि मी दारात."

घर रिकामं मिळालं की दुपारी हेच. चार वर्षं.

प्रियदर्शिनी पार गोंधळून गेली. बोईसरला ठेवलेलं इंजिन पालघरला सापडायचं. हिरव्या लुगड्याची बाई कधी उमरोळीला, कधी समुद्रात. तिला वाटलं, उंदीर. तिने पिंजरा लावला, त्यात टोमॅटो ठेवला. राहीबाईंनी दुपारी पिंजरा अलगद बाजूला केला, गाडी चालवली आणि पिंजरा होता तिथे ठेवला. ज्ञानेशवर संशय आला तेव्हा तो म्हणाला, "मी दिवसभर विजेत असतो, घरी येऊन आणखी विजेत हात घालू?" माझी करकर थांबलेली कुणाच्या ध्यानातच आली नाही. मी मात्र थक्क होऊन बघत राहिलो. मला तेल घालणारं घरात एकच माणूस होतं, आणि सगळ्यात जास्त ओरडणारंही तेच.

यंदा पालघरच्या एका सभागृहात छंदांचं प्रदर्शन भरणार होतं. ऑफिसातल्या एका मुलीने प्रियदर्शिनीच्या मोबाइलमधला फोटो पाहिला आणि तिला न सांगता तिचं नाव देऊन टाकलं. जागा मिळाली. महिनाभर प्रियदर्शिनीला धड जेवण गेलं नाही. "लोक हसले तर?" ती ज्ञानेशला विचारायची. आणि लगेच म्हणायची, "आणि नाही हसले तर?" सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी परकं माणूस तिचं काम बघणार होतं. तिला ते किती हवं होतं, हे मी तिच्या कडी काढण्याच्या पद्धतीवरून सांगू शकतो.

रविवारी सकाळी नऊला टेम्पो दारात आला. टेम्पोवाला भावेश नवापूरचा, बर्फाच्या लाद्या उचलणारा. तो, ज्ञानेश आणि शेजारचा कमलेश असे तिघे आत आले, त्यांनी आगगाडी उचलली आणि माझ्यापर्यंत आणली. मग थांबले. डावीकडे कलवली. उजवीकडे कलवली. उभी धरली.

"ताय, ही आत कशी नेली तुमी?" भावेशने विचारलं.

प्रियदर्शिनीने खिशातून टेप काढला आणि पहिल्यांदा, सोळा वर्षांत पहिल्यांदा, माझं माप घेतलं. मग ती मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक. ज्या चुकीसाठी ती पोरांना फाडून खायची, तीच चूक तिच्या हातून झाली होती.

आगगाडी पुन्हा जागेवर टेकवली आणि जिवल्याला फोन गेला. तो तासाभरात मोटारसायकलवर आला. केस पिकलेले, हात तसेच. त्याने आधी मला कुरवाळलं, मग बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. मित्रांनो, जिवल्यानेच मला उभं केलं होतं आणि जिवल्यानेच काढलं. माझ्या जागी नुसतं भोक दिसत होतं. त्या भोकाकडे बघवेना.

"दरवाजा काडून काय व्हनार नाय, ताय," तो म्हणाला. "चौकट तेवडीच हाय. कापावा लागंल. मदोमद."

"कुठे?" तिने विचारलं.

त्याने कानावरची पेन्सिल काढून रेघ मारली. रेघ उमरोळीच्या फलाटावरून गेली, भातशेतीतून गेली, समुद्राची काच ओलांडून गेली. प्रियदर्शिनीने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "करवत मला द्या. मीच कापते." कापून नेलं तरी ते पुन्हा पूर्वीसारखं जुळणार नाही, हे तिला कळत होतं. पण टेम्पो उभा होता, सभागृहात तिच्या नावाची पाटी लागली होती.

तिने करवत प्लायवूडवर टेकवली आणि राहीबाई आत आल्या. मी वाटेत नव्हतो. त्यांना कुणाला ढकलावं लागलं नाही.

"कापू नको," त्या म्हणाल्या.

"आई, आता नको. तुमची खोली मोकळी होईल. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"कापू नको म्हणते ना. माझी दुपारची गाडी हाय ती."

कुणाला काही कळलं नाही. राहीबाईंनी पदराची गाठ सोडली आणि हिरव्या लुगड्याची बाई तळहातावर धरली. टेम्पोत सगळं नेणार म्हणून त्यांनी तिला आदल्या दुपारी काढून ठेवलं होतं.

"उंदीर न्हवता," त्या म्हणाल्या. "मीच होते. तुम्ही दोघं कामावर जाता. मी कुठं जाणार? सेलू सुटलं, तवापासून दवाखाना सोडून मी कुठंच गेले न्हाई. हिला बसवते आन् पालघरला जाऊन येते. मला करमतं. त्याचे दोन तुकडे केले तर मी काय करू?"

ज्ञानेशने तोंड दुसरीकडे वळवलं. प्रियदर्शिनी सासूकडे बघत होती, जणू ही बाई तिने आजच पाहिली. मग तिने करवत जिवल्याच्या हातात दिली. "चार वर्षं?" एवढंच तिने विचारलं. राहीबाईंनी मान हलवली. "मला सांगितलं असतं तर," प्रियदर्शिनी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"कोणत्या तोंडानं सांगू? रोज भांडत होते ना," राहीबाई म्हणाल्या.

भावेश दारातच घुटमळला होता. "मंग एकदा चालवून दाखवा ना, आजी," तो म्हणाला. राहीबाईंनी सुनेकडे पाहिलं, सुनेने स्टूल पुढे सरकवलं. गाडी सुटली. दरवाजा नाही म्हटल्यावर कमलेशची बायको आत आली, नळावरच्या दोघीतिघी आल्या, त्यांच्यामागे आणखी कोणकोण. कुणीही हसलं नाही. एकीने तर आपली कुंभवली कुठे आहे ते विचारलं आणि ती दाखवल्यावर खाली वाकून आपलं घर शोधू लागली. सहा वर्षं मी ज्यांच्यापासून हे लपवलं, ती ही माणसं. माझी मलाच लाज वाटली.

प्रियदर्शिनी सभागृहात फोन करायला निघाली, येत नाही म्हणून कळवायला.

"येत न्हाई कशाला?" राहीबाई म्हणाल्या. "कागद घेऊन जा. फोटू घेऊन जा. आन् मला ने. गाडी कुठं कुठं थांबते ते मी सांगते लोकांना."

तासाभराने भावेशने त्या दोघींना टेम्पोतून बोईसर स्टेशनवर सोडलं. तिथून त्या शटलने पालघरला गेल्या. खऱ्या गाडीने.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा मी व्हरांड्यात टेकून होतो. प्रियदर्शिनीचा घसा बोलूनबोलून बसला होता. पुढच्या रविवारी सहा जण आगगाडी बघायला येणार होते. राहीबाईंनी चप्पल काढली, माझ्यावर एक हात टेकून श्वास घेतला आणि सरळ आतल्या खोलीत गेल्या.

"उमरोळीचा फलाट तू आखूड केलायस," आतून आवाज आला. "आज मी डबे मोजले."

"आई, जागा नव्हती हो."

"जागा कर."

मित्रांनो, या गोष्टीला तीन आठवडे झाले. मी अजून व्हरांड्यातच आहे. माझे स्क्रू स्टीलच्या वाटीत आहेत आणि मला परत बसवायची घाई कुणालाच नाही. माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. दरवाजाला वर्षातून दोनदा तेल घाला. काही मोठं बांधायला घेतलंत, तर आधी दरवाजाचं माप घ्या. आणि घरात कुणी तुमच्यावर रोज चिडत असेल, तर तुम्ही बाहेर गेल्यावर ते माणूस दुपारभर काय करतं आणि त्याला कुठे जावंसं वाटतं, हे एकदा त्याच्यापाशी बसून विचारा. आम्हा दरवाजांना ते माहीत असतं, पण आमची नुसती करकर ऐकू येते. राहीबाई आठ वर्षं या घरात राहिल्या. स्टेशन इथून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे, आणि त्यांनी ते त्या रविवारी पहिल्यांदा पाहिलं.