यंदाचा राब

रीमाने पर्समधून यंत्र काढले आणि हंसाच्या घराच्या ओटीवर, अंगणाकडे तोंड करून ठेवले. हातात मावेल एवढा पांढरा डबा, वर बारीकसा दिवा. दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि मग हिरवा होऊन बसला.

"हे काय गं?" हंसाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"हवा मोजतं, वहिनी. ऑफिसचं आहे. चांगली असली की हिरवा, वाईट असली की लाल."

"मंग आमची चांगली हाय ना?"

"दिसतेय तरी."

एवढे बोलणेही रीमाच्या जिवावर आले. चांदीपची हवा वाईट निघावी म्हणून तर ती रविवारची झोप मोडून, चंदनसारहून रिक्षा करून आली होती.

खुशी तिची एकुलती मुलगी. चंदनसारच्या फ्लॅटमध्ये वर्षभर खोकायची, जिना चढली तरी तिला धाप लागायची. परीक्षा संपल्यावर ती सुट्टीला चांदीपला मोठ्या काकूकडे आली आणि खोकला थांबला. डॉक्टर म्हणाले, हवापालट मानवलेला दिसतोय. झाले. रीमाचा नवरा मितेश तेवढ्यावर हटून बसला, म्हणाला, तिला वर्षभर दादा-वहिनीकडेच ठेवू, तिथल्याच शाळेत घालू. उद्या सोमवारी नाव घालायचे ठरले होते. हंसाला मूल नव्हते. खुशी तिला मोठी आई म्हणायची, आणि अलीकडे फोनवर त्यातले 'मोठी' गळून पडू लागले होते. ते ऐकून रीमाचा नुसता जळफळाट झाला होता. पोटच्या पोरीला धाप लागावी ती आपल्या घरात, आणि मोकळा श्वास मिळावा तो जावेच्या अंगणात.

रीमा अंधेरीच्या एका संस्थेत देशभरच्या हवेतल्या बारीक धुळीचे आलेख काढत असे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांची ती रेघ तिला पाठ होती, वर्षानुवर्षे चढत गेलेली आणि अलीकडे कुठे जराशी टेकलेली. तिच्या नकाशावर चांदीप आणि चंदनसार एकाच चौकोनात यायचे, एकाच रंगाचे. तो नकाशा तिने मितेशपुढे धरला होता.

"बघ, दोन्हीकडे सारखंच आहे."

"मग तिथे ती खोकत का नाही?" मितेशने विचारले होते.

यावर आलेखात काही नव्हते. पण रीमाला एक माहीत होते. पावसाच्या आधी थोरले दीर, कल्पेशदादा, घरामागच्या शेतात राब भाजतात. भाताच्या रोपांसाठी जी जागा ठेवलेली असते, तिच्यावर शेण, पाला, काटक्या आणि पेंढा पसरून पेटवून देतात, म्हणजे तणाचे बी जळून जाते. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात त्या धुराने रीमाचे डोळे दोन दिवस चुरचुरले होते. तो धूर आठवूनच तिने आजचा दिवस निवडला होता.

ती उठून मागच्या दारी गेली. राब रचून तयार होता, पण पेटवलेला नव्हता. पाल्यावर कोंबड्या बसल्या होत्या.

"राब कधी लावणार, वहिनी?"

"यंदा नाय लावनार." हंसा हसली. "पोरीला दम लागतो ना. तन काय, हातानं उपटू."

"हातानं? एवढ्या जागेतलं?"

"वाकायचं थोडं. गाव हसतंय ह्यांना. हसू दे."

रीमाने राबाकडे पाहिले, मग हंसाच्या मातीने भरलेल्या टाचांकडे. आपल्या मुलीसाठी या बाईने आख्खा पावसाळा वाकून काढायची तयारी केली होती, आणि तिला ते सांगण्यासारखेही वाटले नव्हते. कौतुक वाटायला हवे होते. रीमाला चीड आली, आणि चिडीबरोबर एक विचार आला.

"नको वहिनी, आमच्यापायी शेताचं नुकसान कशाला? आज मी आहे ना. खुशीला घेऊन घरात बसते, दारं लावून. दादा, तुम्ही लावा खुशाल."

कल्पेश गोठ्याशी उभा होता. त्याला तेवढेच हवे होते.

"आई हाय ना पोरीजवल," तो हंसाला म्हणाला.

हंसाने रीमाकडे पाहिले. रीमाने मान डोलावली.

"बरं, मंग लावा."

खुशी आतल्या खोलीत चित्र रंगवत बसली होती. रीमाने पुढचे दार लावले, मागचे लावले. खुशीच्या खोलीतली मागची खिडकी लावायची राहिली. राहिली म्हणजे, तिने लावली नाही. यंत्र आणून तिने त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. एक फोटो मिळाला की लगेच लावू, असे तिने स्वतःला सांगितले.

धूर आधी सरळ वर गेला, मग वारा फिरला. दिवा पिवळा झाला आणि बघता बघता लाल. रीमाने फोटो काढून मितेशला पाठवला. त्याचे उत्तर लगेच आले: 'बापरे. राहू दे मग. घेऊन ये तिला.'

तिला हायसे वाटले. तेवढ्यात पाठीमागे खुशी खोकली. पुन्हा खोकली, आणि मग तो खोकला थांबेना. रीमाने खिडकी ओढून घेतली, पर्स पलंगावर उपडी केली. रुमाल, चार्जर, घराची चावी. धाप लागली की ओढायचा औषधाचा पंप नव्हता. यंत्र आठवणीने घेतले होते, पंप चंदनसारलाच राहिला होता.

दार ढकलून हंसा आत आली. तिने कनवटीला हात घातला, लुगड्याच्या गाठीतून खुशीचा दुसरा पंप काढला आणि खुशीच्या तोंडाला लावला.

"ओढ. हां, हलू. अजून एकदा."

श्वास जागेवर आल्यावर खुशीने हंसाच्या पदरात तोंड खुपसले. रीमाने हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला.

"माजंच चुकलं," हंसा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, धुराने की कशाने. "मी हो बोलायलाच नको होतं. तुजी पोर तुज्याकडंच बरी, रीमा. घेऊन जा तिला."

रीमाने खिडकीची कडी लावली. हंसाने खुशीचे कपडे घड्या घालून पिशवीत भरले, तोवर राब विझत आला होता. कट्ट्यावर दिवा पुन्हा पिवळा झालेला पाहून रीमाने यंत्र घाईघाईने उचलून पर्समध्ये टाकले. निघताना हंसाने पंप खुशीच्या मुठीत दिला.

रिक्षात खुशी एका कडेला बसली, रीमा दुसऱ्या. मध्ये पर्स होती, तिची चेन अर्धी उघडी. गाव मागे पडले तेव्हा आत बारीकसा हिरवा उजेड होता. महामार्गावर ट्रकमागून ट्रक लागले, तसा तो पिवळा झाला. चंदनसारच्या वळणावर लाल झाला आणि तसाच राहिला.

खुशी वाकून बराच वेळ पर्समध्ये पाहत होती.

"काय गं?" रीमाने विचारले.

"काही नाही."

खुशीने पर्सची चेन ओढून बंद केली, आणि पंप फ्रॉकच्या पट्ट्यात, कमरेशी खोचून ठेवला.