गणवेशात प्रवेश नाही

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दारावरची. वसईतल्या एका लहानशा दुकानात मला कापलं, पांढऱ्या अंगावर लाल अक्षरं चिकटवली आणि कारागिरानं फडक्यानं पुसून उजेडात धरलं. "झकास दिसतेय," तो म्हणाला. जन्मल्या जन्मल्या कौतुक झालं म्हणून मी खूश होते. आपल्या अंगावर काय लिहिलंय ते पाटीला वाचता येत नाही. ते समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं, आणि कळायला वेळ लागतो.

माझ्यावर लिहिलं होतं : गणवेशातील व्यक्तींना प्रवेश नाही.

नायगावला खाडीच्या बाजूला नवे टॉवर झालेत. त्यातल्या एकाच्या तळमजल्यावर एक कॅफे आहे. त्याच्या काचेच्या दारावर मला लावलं. मालकाचं म्हणणं, वॉचमन, सफाईवाले, पार्सलवाले एसीची हवा खायला आत येऊन बसतात, मग चांगली गिऱ्हाइकं येत नाहीत. चांगली म्हणजे कोणती, ते मला तीन वर्षांत समजलं नाही. वेटरवर खेकसणारेही चांगल्यातच धरले जायचे.

माझं तोंड कायम रस्त्याकडे. आतून फक्त केकचा वास यायचा. समोर दिवसभर उभा असायचा आलोशियस, इमारतीचा वॉचमन. होळी गावचा, फौजेत सतरा वर्षं काढून आलेला. गाडी आली की असा कडक सलाम ठोकायचा की नवे ड्रायव्हर दचकायचे.

मला न जुमानणाऱ्यांना अडवायचं कामही त्याचंच. तो कधी ओरडायचा नाही. नुसतं माझ्याकडे बोट दाखवायचा आणि स्वतः दुसरीकडे बघायचा. एप्रिलमध्ये इमारतीची सफाई करणारी रिटा आली. अंगात निळा ॲप्रन, मोबाइलवर केकचा फोटो. मुलीचं, प्रिस्काचं, पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा सोहळा होता. आलोशियसनं बोट दाखवलं.

"काका, मी बसायला नाही आले. केक सांगायचाय फक्त."

"नियम आहे गं."

ती गेली. त्या दिवशी त्याचा डबा तसाच घरी गेला.

मे महिन्यात आलोशियसचा नोकरीचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी पाचला एजन्सीचा माणूस येऊन शर्ट, टोपी, पट्टा परत नेणार होता. नेमका त्याच दुपारी त्याचा मुलगा जॅक्सन सुट्टीवर येत होता. जॅक्सनही फौजेत, नाईक या हुद्द्यावर. बापानं माझ्यासमोरच त्याला फोन केला होता.

"उतरशील तसाच इकडे ये. मी फौजेतून रिटायर झालो तेव्हा तू पाचवीत होतास. आपण दोघं वर्दीत एका टेबलाला कधी बसलोच नाही. आज पाचच्या आत जमलं तर जमलं."

आपली वर्दी आता वॉचमनची आहे, याचा त्याला मुळीच संकोच नव्हता. शर्टाला त्यानं दोनदा इस्त्री केली होती.

चारला जॅक्सन आला. अंगावर फौजी वर्दी, पाठीवर भलीमोठी बॅग. मुलानं सलाम केला, बापानं केला, मग दोघंही हसले.

"चला पप्पा, इथेच बसू. तीन वर्षं दारात उभे आहात, आतलं तरी बघा."

आलोशियसनं सवयीनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

जॅक्सननं मला वाचलं आणि दार ढकललं. मॅनेजर विघ्नेश लगबगीनं पुढे आला. वाईट माणूस नव्हता, मालकाला घाबरणारा होता.

"सॉरी सर, गणवेशात नाही चालत. वरून जॅकेट वगैरे घालाल का?"

"मे महिन्यात?" जॅक्सन म्हणाला.

दाराजवळच्या टेबलावरून ज्ञानदा नावाची कॉलेजातली मुलगी ताडकन उठली. मोबाइल विघ्नेशच्या तोंडासमोर धरून म्हणाली, "जवानाला अडवता? बोला, परत बोला. अख्ख्या वसई-विरारला दाखवते आज!" इतर टेबलांवरूनही आवाज चढले. विघ्नेशनं घाम पुसत मालकाला फोन लावला.

"या सर, या. मालक म्हणतात, हा नियम तुमच्यासाठी नाहीच. वॉचमन लोकांसाठी आहे."

टाळ्या वाजल्या. कोणीतरी 'जय हिंद' म्हणालं.

जॅक्सन जागचा हलला नाही. "आणि माझे वडील?"

विघ्नेशनं आलोशियसकडे पाहिलं. तीन वर्षं रोज बघत होता त्याला. "ते... शर्ट बदलून आले तर..."

"मग मीही बाहेरच बरा." जॅक्सननं बॅग पायरीवर ठेवली आणि वडिलांना शेजारी बसवलं. सव्वाचार झाले होते.

ज्ञानदा मागोमाग बाहेर आली. "दादा, तुम्ही गप्प कसे बसता? मी टाकते हा व्हिडिओ."

"नको. वर्दीत असताना भांडायचं नाही, हे पप्पांनीच शिकवलंय. आणि लोक माझ्यासाठी चिडतील गं. यांच्यासाठी कोण चिडणार? मघाशी टाळ्या वाजवल्यात, तेव्हा हे माझ्या शेजारीच उभे होते."

ज्ञानदाचा मोबाइल खाली आला. चेहरा लाल झाला. पण ती मुलगी मला आवडली ती यासाठी की, चूक कळल्यावर ती कुढत बसली नाही. तरातरा आत गेली.

"मॅनेजरदादा, तुमच्या शर्टावर काय शिवलंय?"

"कॅफेचं नाव."

"वेटरच्या?"

"तेच."

"मग तुम्ही सगळे आत कसे?"

कोणीतरी हसलं. विघ्नेश हसला नाही. छातीवरच्या नावाकडे बघत राहिला. मग आतून सुरी आणून माझ्या पाठीमागची चिकटपट्टी कापायला लागला.

"मालक विचारतील," एक वेटर कुजबुजला.

"विचारू दे. मी काढली म्हणून सांगेन."

त्यानं मला काउंटरवर उभं केलं आणि मी पहिल्यांदा आतलं सगळं नीट पाहिलं. आठ टेबलं, प्लास्टिकची फुलं, एक बंद पडलेलं घड्याळ. एवढंच! एवढ्यासाठी मी इतक्या माणसांना दारातून परत पाठवलं होतं.

"चला काका," विघ्नेश म्हणाला. "माझंच चुकलं."

आलोशियस उठला, उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. "जॅक्सन, बस तू. आलोच." तो जिन्याकडे चालू लागला. साडेचार वाजून गेले. जॅक्सन एकदा मोबाइलकडे बघे, एकदा दाराकडे. शेवटी आलोशियस आला, तेव्हा मागे ओल्या हातांची रिटा होती.

"काका, काय चाललंय तुमचं? माझा चौथा मजला पुसायचा राहिलाय."

"राहू दे. नियम मालकाचा होता, पण बोट माझं होतं. तू आधी आत जा, मग मी."

रिटा खुर्चीच्या अगदी कडेला बसली, जणू कोणी उठवायला येणारच आहे. जॅक्सननं तिघांसाठी चहा सांगितला. आलोशियसनं स्वतः काचेच्या कपाटापाशी जाऊन केक निवडला, उशिरा का होईना, प्रिस्कासाठी. ज्ञानदानं व्हिडिओ पुसला आणि त्याच मोबाइलवर फोटो काढला. "ताई, मध्ये या. हसा की!" चहा प्यायला त्यांना जेमतेम दहा मिनिटं मिळाली. पाचला एजन्सीचा माणूस आला, तेव्हा आलोशियसनं कप खाली ठेवला, शर्ट बदलला आणि फौजेत घालतात तशी काटेकोर घडी करून त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मालकानं विघ्नेशला फैलावर घेतलं. पण ज्ञानदानं अभिप्रायाच्या वहीत सगळं लिहून बावीस गिऱ्हाइकांच्या सह्या घेतल्या होत्या, आणि आलोशियसचं नाव जॅक्सनच्या आधी लिहिलं होतं. विघ्नेशची नोकरी वाचली. मी कचऱ्याच्या डब्यात गेले.

तिथून रिटानं मला उचललं. "चांगला जाड तुकडा आहे," म्हणत घासूनपुसून वॉचमनच्या केबिनमधल्या माठावर ठेवलं. आता मी झाकण आहे. अक्षरांची बाजू खाली, पाण्याकडे. नवा वॉचमन, पार्सलवाले, सफाईच्या बायका, पोस्टमन, जो येतो तो मला उचलतो, पाणी पितो आणि परत ठेवतो. दिवसातून शंभरदा मी बाजूला होते, आणि त्यात मला फार सुख वाटतं.

माझ्यासारख्या पाट्या अजून पुष्कळ दारांवर आहेत. एखादी दिसली तर तिला फोडू नका. नीट उतरवा, कामाला लावा. आणि जाता जाता आमच्या केबिनमध्ये डोकावलात, माठ रिकामा दिसला, तर तेवढा भरून ठेवा.