ब्रेकला दोनदा विचारायचं

“साहेब, ब्रेकला दोनदा विचारायचं बरं का,” मी खिडकीतून वाकून म्हटलं. “एकदा विचारलं की ऐकत नाही ती.”

गाड्यांच्या तपासणीचा तो साहेब माझ्या लेकीपेक्षाही लहान असेल. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले. “दोनदा म्हणजे?”

“पहिल्यांदा दाबलं की पाय नुसता खाली जातो. सोडायचं, परत दाबायचं, मग छान लागतो. पहिला गिअर पडला नाही तर जोर करू नका, आधी दुसऱ्याला शिवून या. आणि चढावर इंजिन तापून काटा वर गेला की हीटर लावा.”

“या उन्हात हीटर?”

“इंजिनची धग आत येते ना मग. आपल्याला घाम फुटतो, पण तिला बरं वाटतं.”

मी हे सगळं मायेनं सांगत होते हो! परक्याच्या हातात गाडी द्यायची तर तिच्या सवयी नकोत सांगायला? साहेब मुकाट्यानं खाली उतरला. एक फेरीसुद्धा मारली नाही त्याने. कागदावर दोन खुणा केल्या, सही ठोकली आणि कागद माझ्या हातात दिला. नापास. पंधरा दिवसांत दुरुस्त करून आणायची, नाहीतर भंगारात. माझी मलाच जीभ हासडून टाकावीशी वाटली.

आमचे हे शेडखाली बाकावर काठी टेकून बसले होते. “काय म्हणाला?”

“नापास.”

“ब्रेकला दोनदा विचारायचं, ते सांगितलंस ना त्याला?”

“सांगितलं म्हणून तर!”

हे पाण्याचे मीटर वाचायला जायचे तेव्हाची ही गाडी. घेतली तेव्हाच जुनी होती. बुटकी, गोल, पुढचे दिवे वटारलेले. लेक तेव्हा पाच वर्षांची. तिने नाव ठेवलं ठमी, ते चिकटलं. चार वर्षांपूर्वी यांच्या शरीराची एक बाजू गेली आणि गाडी चालवणं संपलं. मी पडदे शिवते. कापडाचे गठ्ठे आणि लांबलचक दांड्या घेऊन लोकांच्या घरी जायचं म्हणजे गाडी हवीच. म्हणून त्रेपन्नाव्या वर्षी मी शिकले, यांच्याकडून, ठमीवरच.

हे शेजारच्या सीटवर बसून इंजिन ऐकायचे आणि नेमक्या क्षणी म्हणायचे, “हं.” त्या ‘हं’वर मी गिअर टाकायचा. आधी टाकला तर करकर, नंतर टाकला तर गचका. वर शेरेबाजी फुकट. “अगं, गिअर आहे तो, कणीक नव्हे,” असलं काहीतरी.

घरी यांच्या शर्टाची बटणं मी लावते. डॉक्टर यांच्यादेखत मला विचारतात, “झोप लागते का त्यांना?” लेक फोनवर मला विचारते, “बाबा जेवले?” अहो, समोर बसलाय माणूस, त्यालाच विचारा की! पण ठमीच्या त्या सीटवर बसलं की सगळं ठाऊक असलेला माणूस एकच, आणि मी शिकाऊ. तेवढी एक जागा उरली होती यांची. ती भंगारात जाऊ द्यायची नाही, असं मी त्या आवारातच ठरवून टाकलं.

“आई, टाक ना विकून,” लेक फोनवर म्हणाली. “बिनगिअरची घे छोटीशी. कटकटच नको.”

“मला कटकट हवीय,” म्हटलं आणि फोन ठेवला.

मिस्त्री आमचा जुना. त्याने ठमीला जॅकवर चढवलं, खाली शिरला, वर आला तो हात पुसतच राहिला. “वहिनी, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं रबर पार गेलंय. किती दिवस दोनदा दाबताय?”

“सहा-सात महिने.”

“एखाद्या दिवशी दोनदा विचारूनही ऐकलं नसतं हिने.”

शाळेवरून उतरणारा तो रस्ता, शेजारी हे, मागे कुणाच्या तरी हॉलचे पडदे, आणि मी आपली दोनदा विचारत ऐटीत चाललेय! यांचा चेहरा उतरला. “मला वाटलं, ब्रेकच्या नळीत जरा हवा धरली असेल,” हे एवढंच बोलले.

“ब्रेक करतो,” मिस्त्री म्हणाला. “पण गिअरबॉक्स या गाडीचा आता मिळत नाही. सोडा नाद.”

नाद सोडेन तर मी कसली! भंगाराची चार आवारं पालथी घातली. सगळीकडे तेच, “मावशी, कुठल्या जमान्यातली गाडी शोधताय?” पाचव्यात सापडली. ठमीसारखीच, रंगही तोच, मागून चेपलेली. बघून गलबललं, पण गिअरबॉक्स काढून घेतला. मग सहा दिवस मिस्त्रीच्या गॅरेजात स्टूल टाकून बसले आणि तिथेच पडद्यांच्या कडा हाताने दुमडत राहिले. मिस्त्रीची जात मला ठाऊक आहे, आपली पाठ वळली की दुसऱ्याची गाडी हातात घेतो.

“वहिनी, घरी जा हो, करतो मी,” तो रोज म्हणायचा.

“करा की. मी कुठे अडवलंय?”

रबर बदललं, गिअरबॉक्स बसला, रेडिएटर साफ झाला, इंजिन तापवणारा अडकलेला थर्मोस्टॅटही बदलला. बाराव्या दिवशी मी ठमीला परत तपासणीला नेलं आणि या खेपेला तोंडाला कुलूप लावलं. साहेबाने दोन फेऱ्या मारल्या, करकचून ब्रेक दाबून पाहिला आणि पासचा कागद दिला. “चांगली ठेवलीय हो गाडी,” म्हणाला. मला नाचावंसं वाटत होतं.

घरी निघालो, हे नेहमीसारखे शेजारी. क्लच दाबला, पहिला गिअर अलगद पडला. “हं,” हे म्हणाले, तोवर गाडी चालू लागली होती. वळणावर मी दुसऱ्यात गेले, आणि त्यानंतर यांचं ‘हं’ आलं. सिग्नलला ब्रेक एकदाच दाबला, ठमी जागच्या जागी उभी. मी खुशीत यांच्याकडे पाहिलं. हे काटा बघत होते. काटा मध्यावर, हलायचं नाव नाही. पुढे घरापर्यंत यांचं ‘हं’ आलं नाही. मी काय करून बसले ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन घरी पडदे लावायला जायचं होतं. गठ्ठे ठेवून वळते तो यांनी मागचं दार उघडलेलं. काठी आत टाकून हे गठ्ठ्यांच्या बाजूला बसले होते.

“हे काय?”

“पुढे काय काम आहे आता माझं? मागे गठ्ठे तरी धरतो.”

“अहो, गाडी सुधारलीय. मी कुठे सुधारलेय?”

“छान चालवतेस तू.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा छान म्हणाले, आणि मला ते मुळीच नको होतं. “रस्ता कोण सांगणार मला?”

“फोन सांगतो की.”

“फोन भांडत नाही,” मी म्हटलं. “मला एकटीला नाही जमत पुढे.”

हे खिडकीबाहेर बघत राहिले. मग मी पुढे जाऊन बसले, किल्ली काढून मांडीवर ठेवली. म्हटलं, बसा. जाऊ देत पडदे, बोंबलू देत गिऱ्हाइकं. मी हट्टाला पेटले की कुणाच्या बापाला ऐकत नाही. फोन वाजला, वाजून थांबला. शेजारीण जाताना वाकून म्हणाली, “निघताय का आलात?”

“ते यांना विचारा,” मी म्हटलं.

ती खरंच यांच्या खिडकीशी वाकली. यांनी काठी हातात घेतली. “निघतोय,” हे म्हणाले.

मागचं दार उघडलं. काठी आधी टेकली, मग पाय. एक हात टपावर ठेवत, एकेक पाऊल टाकत हे पुढच्या दाराशी आले आणि माझ्या शेजारी बसले. चांगल्या हाताने त्यांनी सीटचा पट्टा ओढला. तो निसटून परत वर गेला. पुन्हा ओढला, गुडघ्याखाली दाबून धरला आणि त्याचं टोक खाचेत घालायला वाकले. टोक खाचेला लागत होतं, आत जात नव्हतं. माझा हात शिवशिवत होता. मी तो मांडीखाली घातला आणि समोर रस्त्याकडे बघत राहिले, ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत.