दोन मुसळांचा ठेका

"मौन घेशील तर कान उघडे ठेव गं. तोंडही बंद आणि कानही बंद, त्याला व्रत नाही म्हणत, रुसणं म्हणतात."

सासूबाईंचं, गोदूबाईंचं, हे सांगणं वसुंधरेनं पदराच्या गाठीसारखं जपलं होतं. त्या जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी चातुर्मासातल्या सोमवारी नैवेद्य दाखवीपर्यंत ती बोलत नसे, आणि लक्ष्मी गेटच्या त्या गल्लीतला एकूण एक आवाज तिच्या कानी पडे.

यजमानांचं, रघुनाथरावांचं, नेमकं उलट. उभा जन्म रेल्वेच्या कारखान्यात, बॉयलरवर पडणाऱ्या हातोड्यांत गेला. निवृत्त होताना घड्याळ मिळालं, कान मात्र तिथंच राहिले. यार्डात इंजिन शिट्टी मारो की आभाळ गडगडो, त्यांना सारखंच. हळूहळू घरी दुरुस्तीचं काम घेऊन कुणी येईनासं झालं. "मिस्त्री जी को अब सुनाई नहीं देता," म्हणत आणि मानिक चौकातल्या दुसऱ्या मिस्त्रीकडे वळत.

आला तो एक घनसू केवट. बेतवा नदीवर त्याची नाव. पुरात बुडालेली, गाळानं भरलेली एक मोटार त्यानं भंगारातून उचलून आणली होती. नावेच्या मागच्या फळीला अडकवायची, वर इंजिन आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा, तसली. हातवारे करत त्यानं ओरडून विचारलं, "काए मिस्त्री जी, चल जैहै?"

रघुनाथरावांनी मोटारीवरून हात फिरवला, तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. "चलेगी. और नहीं चली, तो यह औजारों की पेटी तेरी ही नाव से बेतवा में छोड़ दूँगा. फिर किस काम की?"

वसुंधरेनं ते आतून ऐकलं. बोललेलं खरं करणारा माणूस हा. पेटी गेली म्हणजे मागं उरायचं काय? तिनं देवापुढं हात जोडले. 'बेतवामाई, पेटी नको गं घेऊस. मोटार चालू दे, मी येऊन तुझी ओटी भरीन.'

मग परसात जे चाललं ते ती कामाच्या आडून बघत राही. जुन्या धोतरावर सुटे भाग मांडलेले, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं, जणू पूजाच मांडली आहे. पिस्टन गंजून अडकले होते. रोज थोडं रॉकेल पाजायचं आणि सोडून द्यायचं. "रुसलेल्याला ओढू नये," ते आपल्याशीच म्हणत. पाणी खेचणारं रबरी चक्र विरून गेलं होतं. ते त्यांनी जाड रबरातून नवं कोरलं, एकेक पाकळी पातळ करत, बोटांनी चाचपत. वसुंधरेच्या मनात आलं, फुलवाती वळताना तरी आपलं एवढं चित्त लागतं का?

मोटार जोडून झाली तो नेमका सोमवार. पाण्यानं भरलेल्या टिपाडाच्या काठाला ती बांधली. दोरी ओढली, पुन्हा ओढली. भर्रकन मोटार जागी झाली. धूर निघाला आणि बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार लागली, अभिषेकपात्रातून पडावी तशी. रघुनाथरावांनी इंजिनावर तळवा टेकवला. चेहरा उजळला. "चालली!"

बघायला आलेला घनसू गमछा खांद्यावर टाकून मोटार उचलायला पुढं झाला.

वसुंधरेच्या कानाला मात्र काहीतरी खटकलं. दोन पिस्टनचं इंजिन. एका उखळात दोघींनी कांडावं तसा त्याचा ठेका पडायला हवा. इथं एकीचं मुसळ मधूनच चुकत होतं. अशीच नेली आणि भर धारेत, माणसं बसलेली असताना बंद पडली तर?

बोलायचं नाही. आणि बोलून तरी त्यांना काय ऐकू जाणार? असा फुललेला चेहरा तिनं किती दिवसांनी पाहिला होता, पाय घुटमळला. मग पदराला हात पुसून ती पुढं झाली, परक्या माणसासमोर त्यांचा हात इंजिनावरून काढून घेतला आणि तेलकट तळव्यावर दोन बोटांनी वाजवलं. ठक-ठक, ठक-ठक, ठक... ठक-ठक, ठक...

घनसूला हसू आवरेना. "बाई साब बोलतीं नईं, मिस्त्री जी सुनत नईं. जा घर में तो हम अकेलेई बकत हैं!"

रघुनाथराव हसले नाहीत. "पुन्हा वाजव." तिनं वाजवलं. "एक मधूनच सुटतंय?" तिनं मान हलवली.

त्यांनी मोटार बंद करून दोन्ही प्लग काढले. एक कोरडा, दुसरा पेट्रोलनं ओलाचिंब. म्हणजे तिथं ठिणगी नीट पोचत नव्हती. बोटं वायरीवरून चाचपत गेली आणि खालच्या वळणाशी थबकली. वरचं रबर केसाएवढं चिरलं होतं, ठिणगी तिथूनच पळत होती. "सापडला चोर!"

नवी वायर घातली, दोरी ओढली. या वेळी त्यांनी तळवा इंजिनावर टेकवला नाही. तो तिच्यापुढं धरला.

ठक-ठक, ठक-ठक, ठक-ठक. दोघी जणी, एक उखळ, मुसळ कुठं चुकेना. रघुनाथराव डोळे मिटून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पेटी पुसून दाराशी ठेवलेली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी अशी. वसुंधरेनं खण, नारळ, तांदूळ आणि हळदकुंकू स्वच्छ फडक्यात बांधलं.

"अगं, एवढ्या सकाळी कुठं?"

आज मौन नव्हतं. तरी ती नुसती हसली, पेटीच्या झाकणावर दोन बोटांनी ठक-ठक वाजवलं, चपला सरकवल्या आणि बेतवेच्या घाटाचा टांगा धरायला गल्लीच्या तोंडाकडे चालू लागली.