आधी बिट्टीची डिश

हेवा करायचाच तर माणसानं परक्याचा करावा. परक्याचा हेवा घरी येताना रस्त्यात टाकून देता येतो. ताईला ती सोय नव्हती. जिचा हेवा करायचा ती प्रयोगशाळेत भिंतीपलीकडच्या खोलीत बसायची आणि सुट्टीच्या दिवशी आईच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी, अगदी समोर. ती ताईच्या धाकट्या भावाची बायको होती. उंचीनं एवढीशी, एका जागी म्हणून टिकायची नाही, त्यामुळे सगळे तिला बिट्टी म्हणत. आणि तिला संस्थेत आणलं कुणी? ताईनंच, संचालकांना गळ घालून. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात तो असा.

दोघींना हवं होतं एकच, वाटा मात्र वेगळ्या. शरीरातला कुठलाही भाग घडवू शकेल अशी कोवळी पेशी असते, तिला मूलपेशी म्हणतात. ताई ती गर्भातून काढायची. ज्यांना मूल होत नाही त्यांच्यासाठी दवाखान्यात काचेच्या बशीत गर्भ तयार करतात. एकदोन आईच्या पोटात जातात, उरलेले गोठवून ठेवतात. असाच एक उरलेला गर्भ एका जोडप्यानं राजीखुशीनं दिला होता. ताईनं त्यातून पेशी काढल्या आणि वर्षानुवर्षं वाढवत आणल्या. पेशी काढल्या की गर्भ संपतो, आणि सगळं भांडण तिथेच होतं. बिट्टीनं ते भांडणच नको म्हणून दुसरी वाट धरली. स्वतःच्या दंडावरची चिमूटभर कातडी काढून घेतली, तिच्यातल्या पेशींत काही जनुकं घालून त्यांना आपलं वय विसरायला लावलं, आणि त्या उलट्या पावली चालत पुन्हा कोवळ्या झाल्या.

आईला हे भलतंच आवडलं. "स्वतःचं कातडं दिलं पोरीनं," ती जेवताना म्हणाली. "कुणाच्या लेकराला हात नाही लावला."

"आई, ते लेकरू नव्हतं. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. आणि ते लोक तो टाकूनच देणार होते."

"टाकून देणार होते म्हणून काय झालं? उद्या मलाही टाकतील. म्हणून आज कापून बघशील?"

ताईकडे यावर उत्तर होतं. मोरीत ओतलं तर पाप नाही आणि त्यातून कुणाचं हृदय दुरुस्त झालं तर पाप, हा कुठला न्याय, असं ती सभांमधून ठणकावून विचारायची. पण तिनं तोंड उघडायच्या आत बिट्टी बोलली. "आई, ताईंचं बरोबर आहे. त्यांच्या पेशी होत्या म्हणून तर माझ्या ताडून बघता आल्या. नाहीतर माझ्या खऱ्या की खोट्या हे मला कसं कळलं असतं?"

"बघ, किती समजूतदार आहे," आई ताईला म्हणाली आणि बिट्टीच्या ताटात आणखी भात वाढला. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जिच्यावर जळायचं तीच आपली बाजू घेते, म्हणजे मन भरून जळण्याचंही सुख नाही.

आता रविवारचं सांगितलं पाहिजे. पेशींना सुट्टी कळत नाही. त्यांना रोज जेवायला लागतं, म्हणजे डिशमधलं जुनं लाल पाणी काढून ताजं घालावं लागतं. त्याला मीडियम म्हणतात. रविवारी दोघींनी यायचं कशाला, म्हणून आळीपाळी ठरली होती. ज्या रविवारी ताई असे त्या रविवारी ती आधी बिट्टीची डिश काढायची. नियम असा की आधी आपलं काम संपवावं, मग दुसऱ्याचं, आणि दोघींच्या बाटल्या वेगळ्या. पण ताईला धीर कुठला? ती बिट्टीची डिश भिंगाखाली ठेवून बघायची, की मेल्या का, सुकल्या का, निदान कडेनं काळ्या तरी पडल्या का. त्या मेलेल्या नसायच्या. मग फणफणत ती त्यांना जेवायला घालायची, आणि दुसरी बाटली कोण उघडत बसणार, म्हणून तीच बाटली घेऊन आपल्या खोलीत जायची.

गेल्या वर्षापासून ताईचे दिवस फिरले होते. तिच्या पेशी आधी फार मंद होत्या, रुसल्यासारख्या वाढायच्या. मग एकाएकी त्यांना बरकत आली. भराभर वाढायला लागल्या, आणि त्यांच्यापासून बनवलेल्या हृदयाच्या पेशी डिशमध्ये धडधडायला लागल्या. ताईनं सगळ्या संस्थेला बोलावून ते दाखवलं. जुन्या सुस्त पेशींच्या कुप्या गोठवून ठेवल्या होत्या त्या तिनं टाकीतून काढून फेकून दिल्या आणि नव्या, तरतरीत पेशी त्यांच्या जागी ठेवल्या. चांगलं बियाणं हाती असताना किडकं कोण जपतं?

आणि नेमकं तेव्हाच संचालकांनी सांगितलं की संस्थेला एकच मोठी खोली चालवणं परवडेल. गर्भाच्या पेशी की कातडीच्या, हे समितीपुढे दोघींनी मांडायचं. जी हरेल तिची खोली बंद, आणि तिनं जिंकणाऱ्या खोलीत हाताखाली काम करायचं. बिट्टीच्या हाताखाली! ताईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ती बिट्टीच्या डिशमध्ये खोट शोधायला लागली. शोधता शोधता तिच्या लक्षात आलं की दोघींच्या पेशी दिसायला हुबेहूब सारख्या आहेत. पेशींच्या पुंजक्याची कड तशीच, वाढीचा वेग तोच. काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं. ताईला लगेच दिसलं की बिट्टीनं चोरी केली आहे. कातडीपासून काही जमलं नसणार, म्हणून हिनं माझ्या डिशमधल्या पेशी उचलल्या आणि वर शहाजोगपणे सांगते की गर्भाची गरजच नाही. घरात आई, इथे समिती, सगळे हिला डोक्यावर घेऊन नाचतात ते माझ्याच पेशींच्या जिवावर. ताईला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

वरच्या मजल्यावर गुणसूत्रं तपासणारे म्हातारे गृहस्थ होते, त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. ताईनं दोन्ही डिशमधल्या थोड्या थोड्या पेशी त्यांच्याकडे गुपचूप नेऊन दिल्या आणि दोन्ही एकाच माणसाच्या आहेत का ते बघायला सांगितलं. समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी काकांनी तिला वर बोलावलं.

"तुझा संशय खरा आहे," काका म्हणाले. "एकाच माणसाच्या. शंकाच नको."

"मला माहीतच होतं," ताई म्हणाली.

"बस जरा. तुझा गर्भ मुलाचा होता. पहिल्या वर्षी मीच तपासला होता, आठवतं?"

"आठवतं की."

"या दोन्ही बाईच्या आहेत. वाय गुणसूत्र नाहीच. तूच बघ."

ताईनं भिंगाला डोळा लावला. एक्स होते, जोडीनं. वाय कुठेही नव्हतं. तिनं काच सरकवून दुसरी पेशी पाहिली, तिसरी पाहिली. आणि मग ती एकच बाटली, रविवार आणि आधी उघडलेली डिश, सगळं एकदम तिच्या समोर आलं. डिशला लागलेल्या नळीबरोबर बिट्टीच्या चारदोन पेशी बाटलीत आणि तिथून ताईच्या डिशमध्ये गेल्या होत्या. त्या चपळ, ताईच्या मंद. पाहुण्यांनी घरच्यांना कधी बाहेर काढलं ते कळलंही नव्हतं. ज्या पेशींचा ती सभेसभेत अभिमान सांगत होती, ज्या धडधडताना तिचे डोळे भरून आले होते, ते सगळं बिट्टीचं कातडं होतं. वर्षभर तिनं आपल्या भावजयीला डिशमध्ये घालून पोसलं होतं.

आणि जुन्या कुप्या तर तिनंच फेकल्या होत्या.

"चोरी नाही ही," काका म्हणाले. "पण मी काही कुणाला सांगायला जाणार नाही. तुझं तू ठरव."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी जाताना ताईनं ठरवून टाकलं की गप्प बसायचं. खोली एकदा हाती आली की दुसरा गर्भ मिळवू, पुन्हा पेशी काढू, कुणाला पत्ता लागणार नाही. बिट्टीच्या हाताखाली काम करण्यापेक्षा हे बरं.

समितीत बिट्टी आधी बोलली. सरळ सांगितलं की तिच्या पद्धतीत गर्भ लागत नाही, पण जनुकं घातलेल्या पेशी पुढे कशा वागतील याची धास्ती आहे. शेवटी म्हणाली, "ताईंच्या पेशी माझ्यापेक्षा सरस आहेत. मला विचाराल तर खोली त्यांना द्या." समितीतले दोघे कौतुकानं हसले. ताईला वाटलं, हिच्या या चांगुलपणाला एकदा तरी तडा जावा. ती उठून आपलं पाठ केलेलं बोलली आणि खाली बसली.

मग संचालकांनी एका बाईंना बोलायला सांगितलं. गर्भ देणाऱ्या त्याच. त्या पोस्टात काउंटरवर काम करायच्या. "मला दोन मुलं झाली," त्या म्हणाल्या. "एक राहिला होता. दवाखाना सारखा विचारायचा, ठेवायचा की टाकायचा. वाढवायची ऐपत नव्हती आणि टाका म्हणायला जीभ रेटेना. म्हणून इथे दिला. चूक केली की बरोबर, मला अजून कळलेलं नाही. पण तो वाया गेला नाही, एवढ्यावर मला झोप लागते." मग त्यांनी विचारलं, "एकदा बघायला मिळेल का?"

समितीचं मन कुणीकडे झुकलं ते दिसतच होतं. संचालक ताईला म्हणाले, "बाईंना दाखवून आणा. तोवर आम्ही उरकतो." बिट्टी दार उघडायला म्हणून बरोबर आली.

ताईनं डिश काढून भिंगाखाली ठेवली. बाईंनी चष्मा वर केला, वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. "हलतंय," त्या हळूच म्हणाल्या.

"हृदयाच्या पेशी आहेत," ताई म्हणाली.

"एक विचारू? मुलगा की मुलगी, हे तुम्हाला यातून कळतं का?"

"कळतं."

"मग सांगा ना. मी घरी कुणाला बोलणार नाही. मला फक्त माहीत असू दे."

मुलगी म्हणावं तर ते बिट्टीबद्दल खरं. मुलगा म्हणावं तर तो त्या डिशमध्ये नव्हता. बाई भिंगावरून डोळा काढायला तयार नव्हत्या. त्यांच्या ओठांवर हसू होतं.

"मुलगा होता," ताई म्हणाली. "पण हा तो नाही. या माझ्या भावजयीच्या पेशी आहेत. हिच्या कातडीच्या. माझ्या चुकीनं इथे आल्या."

बिट्टी दारापाशी थबकली. बाई सावकाश सरळ झाल्या. "मग माझा कुठे आहे?"

"नाही तो आता. काहीच उरलं नाही. मीच फेकलं, चांगलं नाही म्हणून."

बाईंनी एकदा डिशकडे बघितलं, एकदा ताईकडे. बिट्टी पुढे झाली, आणि बाईंनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्या रडायला लागल्या. बिट्टीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तिचे स्वतःचेही डोळे वाहत होते.

ताई बाजूला उभी होती. खोली गेली होती, नाव गेलं होतं, आईला काय सांगायचं ते अजून ठरायचं होतं. तरीही बाईंनी रडायला बिट्टीचा खांदा धरला, आपला नाही, याचा तिला हेवा वाटला.