लाल की सोनेरी

मलेशियातल्या मुआरच्या येओ बाईंचं पत्र गेल्या वर्षी फेब्रुवारीत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. ते हरवलं नव्हतं. आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या काचेखाली, मी जिथे ताट ठेवतो बरोबर तिथे, माझ्या बायकोने, दमयंतीने, ते सरकवून ठेवलं होतं.

"डोळ्यांसमोर राहील," ती म्हणाली होती.

मला त्यावर ताट ठेवायची सवय झाली.

पत्र हाताने लिहिलेलं, इंग्रजीत. इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या लायब्ररीत, आमच्या छोट्या गटाने जुन्या थडग्यांच्या ठशांचं प्रदर्शन भरवलं होतं. बाईंच्या भाचीने त्यातल्या एका ठशाचा फोटो त्यांना पाठवला होता आणि पत्र लायब्ररीमार्फत माझ्याकडे आलं होतं.

"माझं वय एकोणऐंशी आहे," त्यांनी लिहिलं होतं. "सिंगापूरच्या एका कुटुंबाने मला तान्ही असताना मुआरला दत्तक दिलं. दत्तकाच्या कागदावर आईचं नाव आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले, चिनी वाचता येत नाही. हे एकच अक्षर मला येतं." आणि खाली ते अक्षर काढलेलं होतं, एकवीस रेघांचं. एकही रेघ चुकली नव्हती.

मी या विषयातला कोणी नाही, हे आधी सांगायला हवं. माझं शिक्षण ड्राफ्ट्समनचं. सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात, ड्रॉइंग ऑफिसात मी नोकरी केली. जपानात बांधलेली जहाजं दुरुस्तीला येत, त्यांच्या नकाशांवर तेल, पाणी, झडप अशी, जपानीतही वापरतात ती चिनी अक्षरं असत. ती मी नकलून काढू लागलो. माणसांशी बोलताना माझी जीभ अडखळते, पण अक्षरासमोर कितीही वेळ बसलं तरी ते "लवकर बोला" म्हणत नाही. पुढे त्यांची जुनी रूपं, वाकडी रूपं, शब्दकोशातून गळून पडलेली रूपं शोधायचा नाद लागला. निवृत्तीनंतर आमच्या खरेदी विभागातल्या गोने मला त्याच्या गटात ओढलं. नवीन इमारतींसाठी एक जुनी दफनभूमी हलवायची होती. ती मोकळी होण्याआधी आम्ही चार-पाच म्हातारे तिथल्या दगडांचे ठसे घेत होतो. दगड ब्रशने धुवायचा, पातळ ओला कागद त्यावर बसवायचा, ठोकून ठोकून तो खाचांत घालायचा आणि वरून शाईत भिजवलेली कापडाची पुरचुंडी टिपायची. कागद काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात.

येओ बाईंच्या आईच्या नावात शरद ऋतूचं अक्षर होतं. आजचं रूप सोपं आहे, धान्य आणि शेजारी अग्नी. दगडावर जुनं रूप होतं, धान्य आणि शेजारी कासव. शरदात कासवाचं काय काम? विद्वान असं मानतात, की हाडांवर कोरलेल्या सगळ्यात जुन्या लिपीत तिथे किडा होता. शरदात किरकिरणारा रातकिडा, मिशा आणि पंखांसकट. पुढे नक्कल करणाऱ्या कोणाला तो नीट दिसला नाही, त्याने कासव काढलं आणि त्याच्यामागून सगळ्यांनी तेच काढलं. असं अक्षर बाईमाणसाच्या थडग्यावर सापडल्याचा मला इतका आनंद झाला, की प्रदर्शनातल्या पाटीवर मी त्याबद्दल भरभरून लिहिलं. एरवी माझ्या हातून चार ओळी निघत नाहीत.

आणि येओ बाईंचा प्रश्न अक्षराचा नव्हताच.

नवराबायकोचा दगड बहुधा एकच असतो. पहिला गेला की दोघांचीही नावं कोरून घेतात. जो गेला त्याचं नाव सोनेरी रंगवतात, जो मागे उरला त्याचं लाल. तोही गेला आणि शेजारी पुरला, की लालावर सोनेरी चढवतात.

"आईचा नवरा कधी गेला ते मला माहीत आहे," बाईंनी लिहिलं होतं. "त्यानंतर आई मला शोधत मुआरला आली होती, असं माझी दत्तक आई मरताना म्हणाली. खरं की मला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे. आई आता हयात नसणार हे मला कळतं. ती कुठे आहे, एवढंच विचारते. तुमच्या ठशात सगळं काळं-पांढरं आहे. दगडावर तिचं नाव लाल होतं की सोनेरी? सोनेरी असेल तर ती तिथेच होती, आणि दफनभूमी हलवताना कोणी दावा केला नाही म्हणून बाकीच्या बेवारस अवशेषांसारखी आता समुद्रात आहे. मग मी चिंग मिंगला किनाऱ्यावर जाऊन तिचं करीन. लाल असेल तर ती तिथे कधी आलीच नाही. मग ती इकडेच कुठेतरी असेल आणि मी इथल्या दफनभूम्यांत शोधीन."

चिंग मिंग म्हणजे त्यांची सर्वपित्री, एप्रिलच्या सुरुवातीला येते.

मी ठसा काढून पाहिला. माझी टिपणं काढली. दगडाची उंची, खाचांची खोली, कासवाच्या पाठीवरच्या रेघांचा क्रम, सगळं होतं. रंगाचा एक शब्द नव्हता. फोटो एकच होता, त्यात दगडावर कागद आधीच बसवलेला होता. ठसा उलटा केला. मागची बाजू तांबूस दिसली आणि मी तो खिडकीशी नेला. पण तो तांबूसपणा सगळीकडे होता, नवऱ्याच्या नावामागेही.

आमच्या वरच्या मजल्यावर निमिष राहतो. पुण्याचा मुलगा, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक करतो. त्याच्याकडे ठसा दिला. आठवड्याने तो परत घेऊन आला, तेव्हा चपला काढायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"काका, मागे लागलंय ते लोह आहे. त्या टेकडीच्या मातीत लोह. त्या जुन्या लाल रंगातही लोहच. मला फरक सांगता येत नाहीये."

"सोन्याचा कण?"

"नाही सापडला. पण नवऱ्याचं नाव तर सोनेरीच असणार ना? तिथेही नाही सापडला. सॉरी काका."

"अरे, बस, चहा घे," दमयंती म्हणाली. "यांना ‘नाही’ ऐकायची सवय आहे. द्यायची नाही."

दफनभूम्यांच्या सरकारी कचेरीत जाऊन नोंदी पाहिल्या. खिडकीमागच्या मुलीने दोनदा शोधलं. जुन्या वहीत नावं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, आईच्या नावाच्याच उच्चाराच्या बायका पानोपानी. दगड हलवताना खणलं त्याची नोंद मात्र नेमकी मिळाली. तिथल्या आंबट मातीत हाडं टिकत नाहीत. "अवशेष आढळले नाहीत, माती उचलली," एवढंच. एका माणसाची माती की दोघांची, हे माती सांगत नाही.

तोवर चिंग मिंग होऊन गेली. मी लिहिलं नाही. मनात म्हटलं, काहीतरी सापडलं की लिहू.

यंदा चिनी नववर्षाला त्यांचं कार्ड आलं. छापील शुभेच्छांच्या खाली एकच वाक्य होतं. "गेल्या वर्षी मी कुठेच गेले नाही, यंदा कुठे जायचं ते कळवाल का?"

मी तडक बेडोकला गोकडे गेलो. तो रोज सकाळी तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांपाशी, कॉफी पीत बसतो. ठसे घेताना तो माझ्या शेजारच्या दगडावर होता.

"गो, तुला तो कासववाला दगड आठवतो?"

"आठवतो म्हणजे? तू त्याला घासत बसलास, घासत बसलास. माझे तीन ठसे झाले, तुझं धुणंच चाललं होतं. मी म्हटलं, मनोहर, दगड आहे तो, लग्नाला नाही न्यायचा."

"शेवाळ होतं."

"शेवाळ होतं, काय काय होतं. तुझ्या बादलीतलं पाणी लालभडक झालेलं."

मी उठून उभाच राहिलो. "लाल? नक्की लाल?"

"बस लाह, सगळे बघतायत." त्याने माझी बाही धरून मला खाली बसवलं. "त्या टेकडीवर प्रत्येकाची बादली लाल. माती लाल. माझे बूट अजून लाल आहेत, बायको घरात आणू देत नाही."

मी बसलो. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. घासत बसलास, असं तो म्हणाला होता. कासवाची एकेक रेघ मोकळी व्हावी म्हणून मी त्या खाचा ब्रशने कोरून काढल्या होत्या. रंगाचे पोपडे असतील तर ते तिथेच असणार. लाल असो की सोनेरी, तो मी बादलीत धुतला होता आणि बादली गवतात ओतली होती.

"तिचं नाव लाल होतं की सोनेरी, तुला आठवतं?"

गोने कपातला चमचा फिरवला. "आठवत नाही. तू अक्षर बघितलंस, मी तुला बघितलं. बाईला कोणी बघितलं?" मग म्हणाला, "सोनेरी लिही. म्हातारी आहे. समुद्रावर जाईल, उदबत्ती लावील, आईसाठी कागदाचे पैसे जाळील, मोकळी होईल. तुझं काय जातं?"

घरी आल्यावर दमयंतीला सांगितलं.

"सोनेरी कसलं? लाल लिहा," ती म्हणाली. "आई शोधत आली होती असं वाटू दे तिला. चांगलं वाटेल."

"आणि मग ती या वयात दफनभूमी-दफनभूमी हिंडत बसेल?"

"मग सोनेरी लिहा."

"पण तिची आई तिथे नसेल तर?"

"अहो, मग काय लिहिणार आहात? आणखी वर्षभर त्यावर आमटी सांडणार का?"

मी बसून ‘सोनेरी’ लिहून पाहिलं. वाक्य छान झालं, सरळ, खरं वाटण्याजोगं. येओ बाई वाचतील आणि मानतील, कारण पाटीवर इतकं आत्मविश्वासाने लिहिणारा माणूस मीच. मग मला किड्याचं कासव करणारा तो लेखनिक आठवला. त्याचाही हेतू वाईट नसणार. हाडावरचं नीट दिसलं नाही, काहीतरी काढायला हवं होतं. मी कागद फाडला.

दुसरा लिहिला तो असा:

"येओ बाई, रंग मी पाहिला असेल, पण मला आठवत नाही. तो माझ्याकडे कुठेही नोंदलेला नाही. ठशाच्या मागचा डाग तपासून घेतला, त्यातून कळलं नाही. सरकारी नोंदीतून कळलं नाही. माझ्या सोबत्यालाही आठवत नाही. ठसा घेण्याआधी दगड मी घासून धुतला होता, तेव्हा उरलेला रंग माझ्याच हातून गेला असणार. दगड आता नाही. लाल की सोनेरी, हे आता कळण्याचा मार्ग मला दिसत नाही. तुम्ही वर्षभर वाट पाहिलीत. हे मी गेल्या वर्षीच लिहायला हवं होतं. सोबत मूळ ठसा पाठवतो आहे. दुसरी प्रत नाही. अक्षर तुम्ही अचूक काढलं होतंत."

ठशाच्या घड्या घातल्या. कागद इतका पातळ, की आख्खा दगड एका पाकिटात मावला. घडी दाबली तेव्हा बोटांना तांबूस भुकटी लागली.

दमयंती माझ्याबरोबर खाली आली. ब्लॉकच्या कोपऱ्यावर टपालपेटी आहे, तिला दोन फटी आहेत, एक सिंगापूरसाठी, एक बाकीच्या देशांसाठी.

"शेवटी काय लिहिलंत?"

"माहीत नाही म्हणून लिहिलं."

"म्हणजे यंदाही ती कुठे जाणार नाही."

"बहुतेक नाही."

मी पाकीट दुसऱ्या फटीत सरकवलं. घड्यांमुळे ते मध्येच अडलं, म्हणून बोटाने ढकलावं लागलं. मग ते आत पडलं.